नापास गाडीला दुसऱ्या गाडीचा धूर लावतो म्हणे!

मंडळी, आज उमरग्यात डोकंच फिरलं माझं.

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना घेऊन आमची जुनी पेट्रोल गाडी पीयूसीला नेली होती. मशीनवर कार्बन मोनॉक्साइड जास्त दाखवलं आणि गाडी नापास झाली. केंद्रवाला लगेच म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. नळी दुसऱ्या गाडीला लावतो, सर्टिफिकेट तुमच्या नंबरचं काढून देतो."

अण्णा भडकलेच. "नुसता कागद घेऊन काय करू? ह्या माझ्या पोरीच्या आईला दमा हाय. या गाडीत बसली की खोकून बेजार होती. गाडीत काय बिघडलंय ते सांगा!"

"ते आमचं काम न्हाय."

मग शेजारच्या गॅरेजात गेलो. मिस्त्रीनं एअर फिल्टर काढला, तर तो धुळीनं पार गच्च! इंजिनाला हवाच पुरत नव्हती, म्हणून पेट्रोल नीट जळत नव्हतं. प्लगही काजळीनं काळे झाले होते. फिल्टर बदलला, प्लग साफ केले, इंजिन चांगलं गरम होऊ दिलं आणि गाडी परत त्याच मशीनवर नेली. पास!

मी केंद्रवाल्याला विचारलं, "आधी गॅरेजला दाखवा, एवढं तरी सांगायचं ना?"

"ताई, लोकांना कागदच पाहिजे असतो. गाडीचं कुणी विचारतच न्हाय."

त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला तो हे खरं असल्याचा. हा धूर आपल्याच घरची माणसं गिळतात हो!

खरं सांगा, शेवटच्या पीयूसीच्या वेळी तुमची गाडी तिथं उभी तरी होती का?