‘मळी’चा सुन्या

मेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढं वाचू नये. सुन्या माणसाचं बोलणं कधी ऐकायचाच नाही, नुसता आवाज ऐकायचा. कराडच्या बाजारात एखादी बाई रडत असली, की हा तिच्या तोंडापुढं टेपरेकॉर्डर धरायचा. "गड्या, काय हुंदका हाय! ठेक्यात बसतोय!"

नव्वदनंतर कधीतरी आम्ही दोघांनी ‘मळी’ ही रॅपची जोडी काढली. साखर कारखान्याच्या मळीच्या वासासारखं आपलं रॅप लोकांच्या नाकात बसावं, ही त्याची अक्कल. कारखान्याचा भोंगा, रसवंतीचा चरक, असले आवाज जोडून तो ठेका करायचा आणि त्यावर मी ओरडायचो. कॉलेजच्या गॅदरिंगला पहिल्याच गाण्याला चपला आल्या. मी पळालो. हा मात्र चपलांचा आवाज टेप करत उभा! "लोकांस्नी आवडाया पायजे असतं तर ऑर्केस्ट्रात गेलो असतो की," म्हणाला.

माझा दादा फौजेत होता. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून तो पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचा. ती ऐकून आई तिच्यावरच उत्तर भरायची आणि परत पाठवायची. घरात कॅसेट अशी एकच. ती सुन्यानं मागितली.

"खराब करशील," मी म्हणालो.

"खुळा का काय? कापी काढून देतो."

आणि मी गाढवानं दिली. गाणं झालं. दादाचं एक वाक्य फिरून फिरून, त्यावर माझा आरडाओरडा.

पंधरा दिवसांत दादा गेल्याची तार आली. मी कॅसेटसाठी धावलो, तर सुन्यानं वीतभर फीत पुढं धरली. त्या एका वाक्यापुरती ब्लेडनं कापून, टोकं चिकटवून त्यानं तिचं गोल कडं केलं होतं, तेच वाक्य फिरत राहावं म्हणून. बाकीची कचऱ्यात.

"कापी काढणार होतास ना?"

"कापीत आवाज मरतो, गड्या."

मी त्याच्या मुस्काटात हाणली. ‘मळी’ तिथंच संपली.

परवा सुन्या गेला. मी मातीला गेलो नाही. पुण्याची पोरं म्हणं त्याला काळाच्या पुढचा कलावंत म्हणतात. म्हणोत बापडी.

आमच्या गाण्याची कॅसेट मात्र आई रोज लावते. दुसऱ्या कशातच दादाचा आवाज उरलेला नाही. "आये, मी बरा हाय," तो सांगत राहतो आणि वरनं मी बोंबलत असतो. शेजारी बसलेल्या माझ्याकडं आई बघतसुद्धा नाही. टेपलाच म्हणते, "आरं, जरा गप की रं. बोलू दे त्याला."