सीझनची रजा आणि चोवीस पुस्तकं

द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये संध्याकाळी टेबलांखाली झाडू मारला की क्रेटभर सुटे मणी निघतात. दिवसभर कोणाला दिसत नाहीत, पण निघतात! आमच्याकडचे किस्सेही असेच. एकेक सांगायला घेतला की वाटतं, यात काय एवढं? आणि गोळा करायला बसलं की क्रेट पुरत नाही.

आमचं पॅकहाऊस दिंडोरी रोडला. जानेवारी ते एप्रिल द्राक्षांचा सीझन, एरवी डाळिंबं. मी तिथे डॉक्युमेंटेशन बघते, म्हणजे कुठल्या पेटीत कुठल्या शेतकऱ्याची द्राक्षं गेली ते लिहून ठेवते. मालक आमचे नाना. माणूस शब्दाचा पक्का, पण एका बाबतीत दगड. सीझनमध्ये रजा नाही! त्यांचं स्वतःचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तर तिसऱ्या दिवशी हॉलमध्ये खुर्ची टाकून हजर. अशा माणसाकडे कोण कशाला पोट दुखतंय म्हणून जाईल?

तर हे नाना पुण्याला लेकीकडे गेले आणि तिथून एक खूळ घेऊन आले. लेक म्हणे वर्षभरात किती पुस्तकं वाचली ते मोबाईलवर मोजते. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी नानांनी सगळ्यांना उभं केलं. "वर्षात चोवीस पुस्तकं! जो वाचेल त्याला पुढच्या सीझनमध्ये चार दिवस रजा. भरपगारी!"

कोणी मनावर घेतलं नाही. मे महिन्यात मात्र आमच्या क्यूसीचं, म्हणजे माल तपासणाऱ्या अंबादासचं लग्न ठरलं. मुलगी घोटीची, वैशाली. तिचं बी.एड. संपू दे म्हणून मुहूर्त काढला फेब्रुवारीचा. ऐन सीझन! अंबादास बिचारा रजा मागायला गेला.

"लग्नाला कोण नाही म्हणतंय?" नाना म्हणाले. "दुपारी अक्षता पडल्या की संध्याकाळच्या शिफ्टला ये."

अंबादासने शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. आता चोवीस वाचल्याशिवाय त्याला धड बोहल्यावर चढता येत नव्हतं!

*

वाचनाची नोंद ठेवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. छापील 'माल आवक' रजिस्टर पडून होतं, तेच घेतलं. रकाने ठरलेले: मालाचं नाव, नग, वजन, शेरा. आता वजनाचा रकाना रिकामा सोडायची माझ्या हाताला सवय नाही. मी पुस्तकं काट्यावर पाठवायला लागले!

काट्यावर हिरामणमामा. कळवणकडचे, बोलणं सगळं अहिराणी वळणाचं. दोन दिवसांत तणतणत माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, हाऊ अन्याय शे! एक पुस्तक शंभर ग्रॅम, दुसरं आठशे ग्रॅम, आन दोन्ही एकेक नग?"

नानांना पटलं. द्राक्षवाला माणूस, वजनाचं पटणारच! चोवीस पुस्तकांचं टार्गेट आठ किलो झालं. जुलैमध्ये अंबादासचं एक पुस्तक गाडीच्या डिकीत भिजलं. मामांनी दोन पानं बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाले, "ओलावा कापावा लागंल." साठ ग्रॅम वजा!

मग एक दिवस मामांनी नातवाचं इंजिनिअरिंगचं पुस्तक आणलं. पावणेदोन किलो. थाटात काट्यावर ठेवलं.

नानांनी विचारलं, "मामा, वाचलंत?"

मामा बघतच राहिले. "वाचायचं पण व्हतं का?"

त्या दिवसापासून वजन बंद.

*

पुन्हा चोवीस नगांवर आलो, आणि अंबादासने दोन दिवसांत चार पुस्तकं नोंदवली! मी शेऱ्याचा रकाना पाहिला. त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'पाने दोनशे, तपासली दहा, लॉट पास.'

क्यूसीचा हिशेब असाच असतो. शंभर पेट्या आल्या तर पाच उघडायच्या. त्या चांगल्या निघाल्या की शंभर पास. अंबादासने आयुष्यभर हेच केलेलं, त्याचा तरी काय दोष!

चारांतली एक रहस्यकथा नानांच्या माहितीतली होती. त्यांनी विचारलं, "खून कोणी केला?"

"नाना, माझ्या सॅम्पलमध्ये खून आलाच नाही."

"अरे, अख्खं पुस्तक खुनावर आहे!"

"मग लॉट रिजेक्ट करा. मी कुठे नाही म्हणतोय?"

*

सुनंदाक्का म्हणजे ग्रेडिंगच्या बायकांची सुपरवायझर. पेठकडची, शिक्षण सातवी, आवाज भोंग्यासारखा. आमच्या हॉलमध्ये शिरताना रोज हात तपासतात. नख वाढलेलं चालत नाही, बांगडी चालत नाही, मेंदी चालत नाही. मेंदी दिसली की रंग उतरेपर्यंत घरी, तेही बिनपगारी! पुस्तक तर आत नेण्याचा प्रश्नच नाही. म्हणून आक्का जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या शेडखाली मोठ्याने वाचायची आणि बत्तीस बायका ऐकायच्या. सासूचा छळ आला की सगळ्यांचे डबे तसेच उघडे राहायचे.

पुस्तक संपल्यावर आक्का माझ्याकडे आली. "लिवा. बत्तीस नग."

"आक्का, पुस्तक एक आहे."

"पर संपवलं बत्तीस जणींनी!"

नानांचा चेहरा उतरला. एवढ्या बायका एकदम सीझनमध्ये रजेवर? ते ओरडले, "मग माल कोण भरणार? मी?"

"तुम्हालाच भरावा लागंल. तुमचं तर जानेवारीपासून अकरावंच पान चाललंय, तुम्हाला कसली रजा!"

आक्काचं चुकलं नव्हतं, रजिस्टरात नानांच्या नावापुढे एकही नग नव्हता. नानांनी तिथल्या तिथे नियम काढला: स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलंच धरायचं, आणि वर्षअखेर सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा!

*

गणपती आले तेव्हा अंबादास तीनवर होता. दिवाळीनंतर एकदम काय झालं देव जाणे, आठवड्याला तीन-तीन पुस्तकं! डिसेंबर संपायच्या आत चोवीस पूर्ण. परीक्षेच्या दिवशी डोक्यावर क्यूसीची टोपी कानांपर्यंत ओढून तो हॉलच्या मधोमध उभा राहिला. नाना विचारतायत आणि हा पठ्ठ्या घडाघडा सांगतोय! मला तर अभिमानाने भरून आलं.

नानांनी मुद्दाम तीच रहस्यकथा काढली. "आता सांग, खून कोणी केला?"

अंबादासने टोपीवरून कान दाबला. कपाळावर घाम. त्याच्या कानातल्या इअरफोनची बॅटरी नेमकी तेव्हाच गेली, आणि फोन रोजच्या सवयीने हॉलमधल्या गाण्यांच्या ब्लूटूथ स्पीकरला जोडला गेला. अख्ख्या हॉलमध्ये एका मुलीचा आवाज घुमला.

"अहो, घाबरू नका! नोकराने नाही, डॉक्टरने मारलं. आणि आधी घाम पुसा!"

बायका हसून हसून टेबलांवर आडव्या झाल्या. नाना स्पीकरकडे वळले. "वैशाली ना गं तू? चोवीसही तू वाचलीस?"

"हो नाना. स्वतःच्या डोळ्यांनी. पंचविसावं चालू आहे."

नाना शब्दाचे पक्के. मला म्हणाले, "मॅडम, लेटर टाइप करा. कुमारी वैशाली, राहणार घोटी, यांना फेब्रुवारीत चार दिवस भरपगारी रजा मंजूर."

"नाना, अहो, ती इथे कामालाच नाही!" अंबादास रडकुंडीला आला.

"म्हणून तर द्यायला काही अडचण नाही."

मला खरंच वाईट वाटलं हो. पोरगं चार दिवस जेवलं नाही धड. पण लेटरवर शिक्का मीच मारला, आणि ते घोटीला पोचलं.

*

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आठ वाजता कंटेनर दाराशी लागलेला, अंबादास तोंड पाडून दारावर हात तपासतोय, आणि गेटात एक जीप थांबली. वैशाली उतरली. आत तिचे वडील डोक्याला हात लावून बसलेले.

ती सरळ नानांपुढे गेली आणि लेटर ठेवलं. "नाना, रजा मंजूर केलीत म्हणजे मी इथली कामगार. बरोबर?"

नानांनी लेटरवरचा शिक्का निरखून पाहिला.

"मला रजा नको. मी कामावर हजर आहे. यांच्या जागी मी उभी राहते, यांना हळदीला सोडा."

"आणि उद्याचं लग्न?"

"ते जातील ना वेळेवर. माझं काय, दुपारी अक्षता पडल्या की मी संध्याकाळच्या शिफ्टला येते."

सगळ्या बायकांचे हात थांबले. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कंटेनरकडे बघितलं, जीपकडे बघितलं. मग एकदम खेकसले, "कामावर यायचं तर नियम सगळ्यांना सारखे! क्यूसी, हात तपास हिचे!"

अंबादास पुढे झाला. तिने दोन्ही हात समोर धरले. कोपरापर्यंत मेंदी, गडद रंगलेली. त्याने ते हात हातात घेतले आणि बघतच राहिला. तपासायला इतका वेळ लागत नाही, मला माहीत आहे.

"काय रे?" नाना म्हणाले.

"नापास," अंबादास कसाबसा म्हणाला.

"मग हिने रंग उतरेपर्यंत इथे पाय ठेवायचा नाही! आणि तुझे ग्लोव्हज कुठेत? उघड्या हातांनी धरलेस ना? तुझेही हात गेले. चल, तूही नीघ!"

अंबादासला कळायलाच वेळ लागला. वैशालीला लगेच कळलं, तिने त्याची टोपी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

मी रजिस्टर उघडलं. "नाना, शेऱ्यात काय लिहू?"

"लिहा, दोघांचे हात नापास. रंग उतरेपर्यंत घरी." दोन पावलं गेले आणि मागे न बघता म्हणाले, "भरपगारी."

दोघं जीपपर्यंत पोचतायत तोवर टेबलाच्या त्या टोकाकडून सुनंदाक्काचा भोंगा वाजला.

"वैशाले, मेंदीचा कोन उरलाय का गं एखादा?"