एका हातानं सुटणारं बक्कल

आमच्या पलटणीची बदली ईशान्येकडच्या डोंगरात झाली, तेव्हा मी नुकताच हवालदार झालो होतो. कंपनीची पोस्ट एका धारेवर होती. खाली खोल दरी, दरीत नदी, पलीकडे तसलाच दुसरा डोंगर. सकाळी पीटी, मग वेपन क्लीनिंग, मग फटीग, म्हणजे अंगमेहनतीची कामं, आणि हुकूम आला की पेट्रोल, म्हणजे गस्त. पाठीवर सगळा संसार घेऊन चार-पाच दिवस चालायचं. घरची माणसं विचारतात, फौजेत सगळ्यात जड काय असतं? त्यांना बंदूक हे उत्तर हवं असतं. खरं उत्तर पाठीवरची पिशवी.

कंपनीत आदिलाबादचे आम्ही दोघंच. मी बाजारहत्नूरचा, भाजीवाल्या माळकऱ्याचा मुलगा. दुसरा नाईक गंगाधर, मुधोळचा, त्याच्या वडिलांचं किराणा दुकान. तेव्हा मुधोळ आमच्याच जिल्ह्यात होतं. आता ते निर्मल जिल्ह्यात गेलं, पण माझ्या हिशेबी गंगाधर आदिलाबादचाच. साताऱ्याची पोरं आम्हाला छेडायची, तुम्ही मराठी की तेलुगू? गंगाधर म्हणायचा, "जेवाले बोलवसान त मराठी. काम सांगसान त निरा तेलुगू."

गंगाधर रेडिओ ऑपरेटर होता. सेट, जादा बॅटऱ्या आणि एरियल एका लोखंडी फ्रेमवर बांधून तो पाठीवर घ्यायचा. उतरताना कमरेचं बक्कल उघडायला त्याला नेहमी दुसऱ्याची मदत लागायची, आणि मदत करणारा मी असायचो.

हे बक्कल काय प्रकार होता ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पट्ट्याच्या भोकात दात घुसणारं साधं बक्कल. तुमच्या कमरेच्या पट्ट्याला असतं तसंच, फक्त मोठं. ते उघडायचं तर पट्टा आधी आणखी आवळावा लागतो, तेव्हा कुठे दात भोकातून निघतो. उभ्या माणसाला हे जमतं. ओझ्यानं खाली ओढलेल्या किंवा पाण्यात पडलेल्या माणसाला जमत नाही. म्हणून पलटणीत स्टँडिंग ऑर्डर होती, पाण्यात पाय घालण्याआधी कमरेचा पट्टा उघडा. पडलात तर खांदे पट्ट्यांतून काढून पिशवी सोडून द्या.

सगळे पाळायचे. ऑपरेटर पाळायचे नाहीत. पट्टा उघडला की सेट पाठीवर डुलतो, तोल जातो, पाणी आत जातं. म्हणून ऑपरेटरांची रीत उलटी. पाण्यापाशी आले की ते पट्टा आणखी एक भोक घट्ट करायचे. गंगाधरही तसंच करायचा.

"गंग्या, मरशीन एखाद दिवशी," मी म्हणालो.

"सेट भिजला त साहेब मारतेच. पाण्यात मेलेलं बरं."

हसण्यावारी नेलं, पण मला घरचं जू आठवत राहिलं. आमच्याकडे बैलाच्या मानेभोवती जो पट्टा येतो त्याला जोतं म्हणतात. ते जुवाच्या खुंटीला, म्हणजे शिवळेला अडकवतात. बाबा वांगी, टमाटे भरून इच्चोड्याच्या बाजाराला गाडी न्यायचे. एकदा नाल्याच्या चिखलात आमचा बैल गुडघ्यावर बसला, आणि बाबांनी एका हातानं शिवळ उपसली. जोतं गळून पडलं, बैल उठला. बाबा म्हणाले होते, "बांधाले दोन हात लागले त चालते. सोडाले एकच पाह्यजे." शाळेत मी बरंच शिकलो. कामाला आलं ते हे.

पोस्टवरच्या रिकाम्या दुपारी आम्ही दोघांनी धंदा सुरू केला. पट्ट्याच्या एका टोकाला लोखंडी कडी शिवली. दुसऱ्या टोकाला पट्ट्याचाच फास. फास कडीतून बाहेर काढायचा आणि त्यात आडवी खुंटी घालायची. खुंटी आहे तोवर फास मागे जात नाही. खुंटीला दोरी बांधली. दोरी ओढली की खुंटी बाहेर, फास कडीतून मागे, पट्टा मोकळा. ओझं कितीही असो, आवळायची भानगड नाही. तशीच दुसरी खुंटी डाव्या खांद्याच्या पट्ट्याला, आणि दोन्हींची दोरी छातीवर एकत्र. एक झटका दिला की सेट उजव्या खांद्यावरून खाली.

पहिली खुंटी तिथल्याच चिडाच्या, म्हणजे पाइनच्या लाकडाची केली. ती नाल्याच्या पाण्यात फुगली आणि गच्च बसली. गंगाधर दोरी ओढून ओढून दमला. त्या दिवशी त्यानं लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, सेट पाठीवर घेऊन जेवण केलं. वाढणारा म्हणाला, "सेटलाही वरण वाढू का?" शेवटी पट्टा कापावा लागला. मला हसू आवरेना, आणि पट्टा कापेपर्यंत गंगाधरला मला मारायला माझ्यामागे धावता येईना.

मग मी रजेवर आलो. बाबांना सगळं सांगितलं. ते उठले, गोठ्यातून मोडकी शिवळ घेऊन आले. तिवसाचं लाकूड, वर्षानुवर्षं तेल आणि बैलाचा घाम पिऊन काळं गुळगुळीत झालेलं. "हे फुगत नाई," एवढंच म्हणाले. त्या शिवळेतून मी दोन खुंट्या तासल्या, एका टोकाला निमुळत्या. परत गेल्यावर त्या नाल्यात रात्रभर बुडवून ठेवल्या. सकाळी गंगाधरनं सेटच्या वजनाचे दगड पाठीवर बांधले, कमरेइतक्या पाण्यात आडवा झाला आणि दोरी ओढली. दगड बुडाले, गंगाधर वर आला. त्याचे सगळे दात दिसत होते.

यात अडथळा आला तो आमच्या कंपनी हवालदार मेजरांचा. आम्ही त्यांना नुसतं मेजर म्हणायचो. माणूस कडक. पलटणीत इन्स्पेक्शनच्या आधी प्रत्येक पट्ट्याचं लोंबतं टोक दुमडून एक टाका घालायची पद्धत होती. टर्नआउट, म्हणजे गणवेशाची टापटीप, दिसली पाहिजे. मेजरांनी गंगाधरच्या छातीवरची दोरी बोटानं उचलली.

"हे काय लोंबतंय? बैल बांधलाय काय?"

"बैल सोडायची दोरी हाये सर," गंगाधर म्हणाला.

"टाका घाल."

तेवढ्यात कंपनीचे कॅप्टन साहेब आले. केरळचे, वयानं आमच्याहून लहान, बोलणं हिंदीत. त्यांनी काय आहे विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता दोरी ओढली. सेट गंगाधरच्या पाठीवरून निघाला, तो मी खाली वाकून झेलला. साहेबांनी स्वतः खुंट्या घालून पाहिल्या, पुन्हा ओढल्या.

"किसने बनाया?"

"हम दोनों ने, सर. बैल का आयडिया है."

"टाँका नहीं लगेगा," साहेब मेजरांना म्हणाले. मेजर तोंड आवळून रांगेत पुढे सरकले.

त्यानंतरच्या पेट्रोलची गोष्ट. कॅप्टन साहेब कमांडर, मी सेकंड-इन-कमांड. परतीच्या वाटेवर दुपारी दरीत उतरताना दरड सुटली आणि एक धोंडा साहेबांच्या मांडीवर आला. हाड मोडलं, रक्त थांबेना. नर्सिंग असिस्टंटनं पट्टी आवळली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, उद्या दुपारपर्यंत हॉस्पिटल मिळालं पाहिजे, नाहीतर कठीण आहे.

दरीतून सेट लागत नव्हता. मागचा डोंगर दरडीनं बंद. सिग्नल मिळायचा तो नदीपलीकडच्या टेकाडावर. म्हणजे सेट पार गेला पाहिजे. नदीला वर कुठेतरी पडलेल्या पावसाचं पाणी आलं होतं, कमरेच्या वर, लाल, ओढ जबर.

मी दोन जवान घेऊन आधी पार गेलो. दोर पलीकडच्या एका झाडाला बांधला. त्याहून बरं झाड तिथे नव्हतं. नियम असा की प्रत्येकाच्या कमरेला छोटा दोर, त्याला पोलादी कडी, म्हणजे कॅराबिनर, आणि ती कडी मुख्य दोरात. हात सुटले तरी माणूस दोराला राहतो. कडी प्रत्येकाकडे एकच, आणि तिला ओढायचा बारीक दोर, त्याचं टोक पार गेलेल्यांच्या हातात.

गंगाधर पाण्यात उतरला. निघण्याआधी त्यानं छातीवरची दोरी मला लांबूनच उचलून दाखवली. सुटी आहे, टाका नाही.

मध्यावर आला तेव्हा वरून झाडाचा बुंधा वाहत आला. मी ओरडलो. बुंधा त्याच्या कुशीवर आदळला आणि तो खाली गेला. कडीमुळे दोराला लटकला. माणूस आणि सेट, दोघांचं वजन आणि वर पाण्याची ओढ. माझ्या बाजूचं झाड मुळाशी कुरकुरलं, माती उकलू लागली. आम्ही तिघांनी दोराला अंग लावलं, तरी झाड वाकतच होतं.

"गंग्या, ओढ! सेट सोड!"

त्याचं डोकं वर आलं. त्यानं दोरी ओढली. दोन्ही खुंट्या निघताना मी डोळ्यांनी पाहिल्या. सेट त्याच्या पाठीवरून सुटला. तो मोकळा झाला. एवढ्यासाठीच आम्ही ते केलं होतं, आणि ते बरोब्बर झालं.

पण त्यानं सेट सोडला नाही. डाव्या हातानं फ्रेम धरली, उजव्या हातानं स्वतःच्या कमरेची कडी काढली आणि फ्रेमला लावली. आता दोराला सेट होता, आणि तो नुसत्या हातांनी.

"खेचा!" तो ओरडला. "भाऊ, सेट खेचा!"

आम्ही कडीचा बारीक दोर खेचला. सेट काठाकडे येऊ लागला. तो मोठा दोर धरून हातापुढे हात टाकत सरकत होता. मग झाडाचं एक मूळ सुटलं, दोर एकदम सैल पडून पुन्हा ताणला गेला, आणि त्या हिसक्यात त्याचे हात सुटले. वळणापर्यंत त्याचं डोकं दिसलं. एक जवान काठानं धावत गेला. मी गेलो नाही. मी सेट उचलला आणि टेकाड चढलो.

कंपनीची लाईन लागली. मी केस सांगितली. कॅजुअल्टी वन, स्ट्रेचर केस, हेलिकॉप्टर हवं, उतरायला नदीकाठची वाळू मोकळी आहे. तिकडून उत्तर आलं, "रॉजर. ऑपरेटर को दो. ओव्हर."

"ऑपरेटर सेट पर नहीं है. ओव्हर."

तिकडे मेजर होते, आवाजावरून ओळखलं. मग ते मराठीत म्हणाले, "समजलं. तू बोलत राहा."

सकाळी हेलिकॉप्टर आलं आणि साहेबांना घेऊन गेलं. साहेब वाचले, पायही राहिला. गंगाधर त्याच दिवशी खालच्या वळणावर मिळाला. मला त्याचा राग आला होता. अजून येतो. सेट दुसरा मिळाला असता, हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं, पण त्या संध्याकाळी दुसरा मिळाला नसता, हे मलाही ठाऊक आहे. पुढच्या इन्स्पेक्शनला सगळ्या सेटना आमच्यासारख्याच खुंट्या होत्या. मेजर रांगेतून गेले. एकाही दोरीला त्यांनी बोट लावलं नाही.

गंगाधरच्या पेटीबरोबर मुधोळला मी गेलो. क्रियाकर्म झाल्यावर गंगाधरच्या वडिलांनी मला दुकानात बोलावलं. माझ्याआधीच कुठूनतरी गोष्ट पोचली होती की बक्कल अडकलं म्हणून पोरगा गेला. काका गल्ल्यामागे बसले होते. वर न पाहता त्यांनी विचारलं.

"तुमी दोघानं केलेलं थे बक्कल. उघडलं नाई का?"

"उघडलं, काका. एका झटक्यात उघडलं."

आता त्यांनी वर पाहिलं.

"मंग तो काऊन नाई आला?"

मी सगळं सांगितलं. कडी, फ्रेम, सेट, साहेब. माणूस वाचावा म्हणून ओझं सोडायची युक्ती आम्ही केली होती, आणि त्यानं त्याच युक्तीनं ओझं वाचवलं. काकांनी ऐकलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मी खिशातून दोरीसकट खुंटी, तिची लोखंडी कडी आणि पट्ट्याचा तेवढा तुकडा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

आता मी बाजारहत्नूरलाच असतो, वांगी-मिरची लावतो. दप्तरांना हल्ली प्लास्टिकची बक्कलं असतात, दोन बाजूंनी दाबली की कट्ट करून सुटतात. तो आवाज मला आवडतो. कुणाचं तरी डोकं नीट चाललेलं असतं त्यात.

वर्षातून एकदा मी मुधोळला जातो. काका आता थकलेत, दुकान धाकटा मुलगा पाहतो. तराजूच्या मागच्या खिळ्याला तो पट्टा लटकलेला असतो. चहा झाला की काका तो काढतात, फास कडीतून ओढतात, खुंटी घालतात. बांधायला त्यांना दोन्ही हात लागतात, आणि बराच वेळ लागतो. मी मदत करत नाही. त्यांना ती नको असते.

मग ते दोरीचं टोक माझ्या हातात देतात. मी ओढतो. पट्टा सुटून गल्ल्यावर पडतो.

"उघडलं," मी म्हणतो.

"हाव," काका म्हणतात. "माह्या गंगाधरच्या हातात बी उघडलं व्हतं."