सामाईक भिंतीवरची फळी

आईची वाटणी झाली हे मला कोणी कळवलंच नाही. मी माहेरी गेले, धाकट्या भावाच्या ओट्यावर चप्पल काढली आणि आईला हाक मारली, तर तो म्हणाला, "ताई, आई ह्या महिन्यात पलीकडं हाय."

वडील गेल्यावर दोघा भावांनी घर वाटून घेतलं. उगवतीची बाजू थोरल्याला, मावळतीची धाकट्याला, आणि मधल्या खोलीच्या पोटातून विटांची भिंत. भांडी वाटली, गोठा वाटला. आईचे दोन तुकडे करता येईनात म्हणून महिने वाटले. अमावस्येला रात्रीचं जेवण एकीकडे आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा भिंतीपलीकडे. जुन्नरहून घाटघरला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे, तिथे बऱ्याच घरांत असंच चालतं. "ह्या महिन्यात म्हातारी कुणाकडं?" असं लोक एकमेकांना विचारतात, पाण्याची पाळी कोणाची हे विचारावं तसं. आणि समोरचाही शांतपणे उत्तर देतो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

मी थोरल्याच्या घरात गेले. आई खाटेवर बसली होती आणि खाटेखाली खताची रिकामी गोणी होती. रिकामी म्हणजे खत नव्हतं. आत आईचा संसार होता: लुगडी, बीपीच्या गोळ्या, मिश्रीची डबी, आणि वडिलांचा फ्रेम केलेला फोटो. फोटोसुद्धा गोणीत! इकडे टांगला तर पुढच्या महिन्यात तिकडे काय टांगायचं, असा हिशेब.

"आई काय शेळी हाय का रे दादा, आज ह्या खुट्याला, उद्या त्या खुट्याला बांधायला?" मी विचारलं.

"आता तू नको सुरू करू," दादा म्हणाला. "दोघांनी मिळून संभाळायचं ठरलंय. समद्या गावात असंच हाय."

"माझ्याकडं चल," मी आईला म्हणाले.

"लेकीच्या दारात ऱ्हाऊन पोरांच्या तोंडाला काळं फासू व्हय?" आई म्हणाली. "जाऊ दे गं. मला काय लागतं?"

हे 'मला काय लागतं' ऐकलं की मला भावांपेक्षा तिचाच जास्त राग येतो. तिला काही लागत नाही असं तीच सांगत फिरते, मग पोरं कशाला द्यायला जातील?

माझ्या नवऱ्याचं आळेफाट्याला फर्निचरचं वर्कशॉप आहे. लग्न झाल्यापासून मी तिथे उभी आहे, आणि माप घेण्यापासून पॉलिशपर्यंत सगळं करते. गिऱ्हाईक अजूनही मलाच विचारतं, "मिस्त्री कुठं गेलेत?" तर भांडून काही होत नाही म्हटल्यावर मी आईसाठी फळी करायला घेतली. तिची स्वतःची, गोणीच्या बाहेर काढलेल्या वस्तू मांडण्यासाठी. खोली अरुंद आणि खाट भिंतीला चिकटलेली, त्यामुळे खालून लोखंडी ब्रॅकेट लावलं असतं तर उठताना आईचं डोकं आपटलं असतं. म्हणून टेकू न दिसणारी फळी करायची ठरवली. हिच्यात भिंतीला एक आडवी पट्टी बोल्टने आवळतात. त्या पट्टीतून पुढे दांडे काढलेले असतात, कंगव्याच्या दातांसारखे, आणि त्यांवर प्लायची पोकळ पेटी सरकवायची. सगळा भार पट्टी घेते, पट्टीचा भार भिंत घेते. म्हणजे भिंत चांगली पाहिजे.

भिंत कसली होती ते फळी घेऊन माहेरी गेले आणि ड्रिल लावलं तेव्हा कळलं. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते तेव्हा घाईघाईत उभी केलेली, एकाच विटेची, आणि गिलावा ज्याने त्याने आपापल्या बाजूने केलेला. मी भोक पाडायला घेतलं आणि हाताला जोर लागायच्या आत ड्रिल पलीकडे निघालं. धाकट्याच्या टीव्हीच्या वर. नव्या गुलाबी रंगातून.

पलीकडून भावजय किंचाळली, तिच्यामागून धाकटा धावत आला.

"सामाईक भित हाय ही! इचारल्याबिगर भोक कसं पाडलं?"

"आईसाठी फळी बसवतीय," मी म्हणाले.

"मग दादाच्याच बाजूला का?"

मला वाटलं, याला आता लाज वाटेल आणि हा गप्प बसेल. छे! दोघे भाऊ भिंतीसमोर उभे राहिले आणि वडील गेल्यावर पहिल्यांदा एका आवाजात बोलायला लागले. पट्टी दोन्हीकडे बसव, बोल्ट आरपार टाक, म्हणजे भिंत पण बळकट होईल. इथपर्यंत ठीक होतं. पातळ भिंतीला आरपार बोल्टच बरा, मीही तेच केलं असतं. मग दादाने पट्टीवरची पेटी ओढून पाहिली आणि ती सहज सरकली.

"ही निघती की!" तो म्हणाला. "मग फळी एकच ठेव. अमावस्येला काढायची आन आईसंगट पलीकडं सरकवायची."

"लई भारी," धाकटा म्हणाला. "भांडणच नको."

मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "निघंल अशीच कर बाई. तेवढंच बरं पडंल."

माझ्या हातात ड्रिल होतं, ते मी खाली ठेवलं, नाहीतर कोणाला तरी फेकून मारलं असतं. माझी विद्या घेऊन हे दोघे आईची गोणी लाकडाची करायला निघाले होते! आणि तिला ते बरं पडणार होतं.

मी गाडीतून जादा पट्टी आणि लांब बोल्ट काढून आणले. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आरपार बोल्टने आवळल्या. मग पेटी घेतली, आतून गोंद चोपडला, दादाच्या बाजूच्या दांड्यांवर ठोकून बसवली, वरून स्क्रू मारले आणि स्क्रूंची डोकी लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरून घासून टाकली. दोघे बघत होते.

"आगं, सुकल्यावर निघंल ना?" दादाने विचारलं.

"भित पडली की निघंल."

आमचं जे भांडण झालं ते शेजारच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं असेल. मी म्हणाले, आई हलणार नाही, ज्याचा महिना असेल त्याने ताट इकडे आणून द्यायचं. धाकटा म्हणाला, दिल्या घरी सुखी ऱ्हा, आमच्यात पडू नको. दादाची बायको म्हणाली, म्हणजे कायमचं आमच्याच गळ्यात का? आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी गोणीतून सगळं सामान काढून फळीवर मांडलं, फोटो मध्ये ठेवला, गाडी काढली आणि आळेफाट्यापर्यंत रस्ताभर भावांना शिव्या घातल्या.

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमध्ये फोन वाजला. दादाची बायको होती.

"वन्सं, तुमीच समजवा आता. पलीकडं चहा गार होऊन गेला. आत्याबाई हालंनात."

"मग चहा इकडं आणून द्या म्हणावं. त्यांना पाय न्हाईत का?"

"तुमीच शिकवून ठेवलंय," ती म्हणाली. मागे दोघा भावांचा आवाज चढला होता. मी आईला काहीच शिकवलं नव्हतं, त्या दिवसापासून तिच्याशी धड बोललेही नव्हते. तेवढ्यात आईने फोन मागितल्याचं ऐकू आलं. आता ही म्हणणार, जाऊ दे गं, जाते पलीकडं. मी तिच्यावर ओरडायच्या तयारीतच होते.

"येशील तवा अजून एक फळी आण," आई म्हणाली. "आन ती बी चिकटवूनच बसव."