चाकाजवळची सही

वसंतभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिवापूरला मेहुण्याच्या शेतावर होतो. मिळेल ती बस धरून सक्करदऱ्याला घरी आलो, तोवर त्यांना नेलं होतं. महिना झाला. घरात बसवत नाही, बाहेर पडलं तर करमत नाही…

वसंतभाऊ माझे शेजारी, एसटीतले निवृत्त कंडक्टर. नाद एकच, जुन्या मासिकांतल्या मोटारींच्या जाहिराती वाचायचा. गाडीच्या चित्राखालचा बारीक, पुसट, शाई फुटलेला मजकूर लावत ते रविवारची दुपार घालवत आणि मलाही सोबत बसवत. मागच्या पानाची अक्षरं मध्ये येऊ नयेत म्हणून कात्रणाखाली काळा कागद सरकवायचा आणि भिंगातून ओळ शेवटाकडून, एकेक अक्षर वाचायची. मी सरळ वाचू लागलो की हातावर चापट बसे. "उलटं वाच गा. सरळ वाचलं का मनातलंच दिसते."

"एवढं काहून करून राहिले, भाऊ?" मी एकदा वैतागून विचारलं.

"माह्या बापाचं एक तरी चित्र भेटलं पाहिजे," ते म्हणाले. त्यांचे वडील नामदेव उमरेडहून येऊन इथल्या एका छापखान्यात अशा जाहिरातींची चित्रं काढत. भाऊ दोन वर्षांचे असतानाच ते गेले. घरात त्यांचा फोटो नाही, अक्षर नाही. कुठल्यातरी चित्रात सही सापडेल, एवढीच आशा होती.

गेल्या हिवाळ्यात एक रंगीत पान हाती लागलं. चाकाजवळ मुंगीएवढी सही होती. भाऊंची नजर तोवर पार अधू झाली होती. "नामदेवच आहे ना गा?" त्यांनी विचारलं. मी काळा कागद सरकवला, शेवटाकडून वाचलं. स्वच्छ 'गणपत' होतं… आणि मी म्हणालो, "हो भाऊ, नामदेव."

ते हमसून हमसून रडले. त्यानंतर भिंग कपाटात गेलं आणि रविवारची हाकही बंद झाली. जन्मभर अक्षरा-अक्षरावर शंका घेणारा माणूस माझ्या एका शब्दावर निर्धास्त झाला. याचा मला त्यांच्यावर राग येतो. स्वतःवर तर येतोच.

या लेखासोबत ते चित्र आजोबांच्या नावानं छापावं, अशी त्यांच्या मुलीची, सुनीताची फार इच्छा. वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी चित्राखाली छापायची ओळ मागितली. तीन दिवस मी कागद पुढ्यात घेऊन बसलो. शेवटी उठलो, तिच्याकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

"काका, हे आता सांगून राहिले तुम्ही? बाबा ते चित्र हातात धरून गेले…"

तिनं भिंतीवरची त्या चित्राची फ्रेम काढली, हार सोडवला आणि फ्रेम माझ्या हातात दिली. "ज्याचं आहे त्याचंच नाव टाका."

तसंच टाकलं आहे, 'चित्रकार : गणपत'. वाचणाऱ्यांपैकी कुणाचे ते वडील असतील, तर चित्र माझ्याकडे आहे. येऊन घेऊन जा.