हाडाशी कच्चं

आमच्या भाऊजींना पाणी प्यायचं असलं तरी ताईला हाक मारावी लागायची. पेला कुठे असतो हे माहीत असेल तर शपथ! उभा जन्म पावडर कोटिंगच्या भट्टीवर गेला. लोखंडी कपाटांचे पत्रे, खुर्च्यांचे पाय आकड्यांना टांगायचे, रंगाची पावडर मारायची आणि भट्टीत ढकलायचे. मधेच दार उघडलं की माल वाया. नव्या कामगाराने दाराला नुसता हात लावला तरी भाऊजी अंगावर धावून जायचे. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने गरम हवेवर भाजणारा एअर फ्रायर भेट दिला. मी म्हटलं, घ्या, भट्टी मागोमाग घरी आली. ताई पोट धरून हसली. तो खोका कपाटावर गेला तो तिथेच राहिला.

मग ताई आजारी पडली. आजार वाईट आणि उपचार त्याहून वाईट. केस गेले, चव गेली, तोंड आतून सोलवटून निघालं. फोड निवळले तरी ती चमचा दिसला की मान फिरवायची. भाऊजींनी समजावलं, रागावले, बाहेर जाऊन रडून आले. शेवटी डॉक्टरांनी सांगून टाकलं, उद्यापर्यंत तोंडाने काही गेलं नाही तर नाकातून नळी घालू. आणि जे द्याल ते नीट शिजवून द्या. कच्चंपक्कं पोटात गेलं तर झुंजायला तिच्या अंगात त्राण नाही. ताईने त्या नळीची धास्तीच घेतली होती. एकदा नळी गेली की मी संपले, असं म्हणायची.

त्याच दुपारी ती आपणहून म्हणाली, कोंबडीची तंगडी खावीशी वाटतेय, हातात धरून. भाऊजी अनवाणीच बाजारात पळाले.

मी करते म्हटलं, तर मला ताईजवळ बसवलं. म्हणे, भट्टी मला कळते. कपाटावरचा तो खोका खाली काढला, तंगड्यांना तेल, मीठ, हळद लावली, एकमेकींना चिकटू नयेत अशा मांडल्या आणि यंत्रासमोर हाताची घडी घालून उभे राहिले. मधे उघडून उलटा तरी, असं मी दोनदा ओरडले. पण ऐकतील तर ते भाऊजी कसले! भट्टी मधे उघडायची नसते म्हणे.

घंटी वाजली. वास आला तशी ताई कुणाचा हात न धरता उठून बसली. तंगड्या वरून अशा खरपूस, की भाऊजी ताटली उजेडात फिरवून मला दाखवत होते. ताईने एक उचलली, चावा घेतला, सावकाश चावला आणि गिळला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. तिने दुसरा चावा घेतला आणि हाडाशी गुलाबी मांस दिसलं. तांबडं पाणी तिच्या बोटांवर आलं.

या माणसाने जन्मभर लोखंड भाजलं हो! वरचा रंग पक्का झाला की काम झालं, आत कच्चं राहायला असतंच काय? झडप घालून त्यांनी तंगडी धरली. ताई सोडेना.

"राहू द्या हो. चव लागतेय मला."

"कच्चं आहे ते."

"असू दे."

दोघांची ओढाताण झाली. काडीसारखे हात तिचे, कितीसा जोर असणार? त्यांनी तंगडी काढून घेतली आणि बोट घालून तिच्या तोंडातला घासही बाहेर काढला. ती नुसती बघत राहिली.

दुसऱ्यांदा लावलं तेव्हा भाऊजी दर क्षणाला उघडून सुरी खुपसून बघत होते. आता मिटून राहू द्या की मेलं, म्हणून मी खेकसले. अखेर मांस हाडापासून सुटून आलं. त्यांनी ते बोटांनी मऊ करून नेलं. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यांच्यासाठी म्हणून तिने एक तुकडा ओठांपर्यंत नेला आणि ताटलीत ठेवून दिला.

"मघाशी भूक होती हो. आता नाही."

त्यांनी हात जोडले, एकच घास म्हणून विनवण्या केल्या. तिने डोळे मिटून घेतले.

सकाळी इस्पितळात नेऊन नळी घातली. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो होतो. भाऊजींच्या शर्टाला अजून तेलाचा वास येत होता. त्यांनी विचारलं, "मी हिसकावून घेतलं ते बरोबर केलं ना गं?"

"बरोबरच केलंत, भाऊजी."

त्यांनी मान हलवली आणि माझा हात घट्ट धरला. त्यांच्या जागी मी असते तर तिला खाऊ दिलं असतं. हे मी त्यांना कधीच सांगणार नाही.