रेतीतलं कंधार

अन्याय झाला तो संरक्षणशास्त्राच्या सरांवर. कधी? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी सव्वा वाजता, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात. कुणी केला तेही मला पक्कं माहीत आहे, पण ते सांगायला जरा दम धरावा लागेल. तोवर माणूस बघून घ्या.

तुम्ही नांदेडचे असाल तर सर तुम्ही बघितलेलेच आहेत, फक्त ओळखले नसतील. एखादा बुटका माणूस चहाच्या हॉटेलात शिरताना उंबऱ्यातच थबकतो, "दोन दारं, एक खिडकी, मागून मोकळं" असं मोठ्यांदा म्हणतो आणि मग भिंतीला पाठ लावून बसतो. तेच सर. एका हॉटेलवाल्याला ते महापालिकेचे वाटले. त्यानं रस्त्यावर मांडलेली भट्टी घाईघाईनं आत ओढली आणि सरांसमोर न मागता भजी आणून ठेवली. सरांनी भजी खाल्ली आणि मला म्हणाले, "बघ, एक गोळी न झाडता शत्रू मागं हटला."

लग्नात तर त्यांच्याजवळच उभं राहावं. सगळं वऱ्हाड पुरीकडं तुटून पडलेलं असायचं. सर दोन मिनिटं नुसते बघत राहायचे. मग हळूच, "डावी बाजू उघडी हाय. भाताकडून शिरायचं." आम्ही जेवून हात धुवायचो, तेव्हा पुरीच्या रांगेत भांडणं चालू असायची.

आता तुम्ही म्हणाल, माणूस फौजेतला असणार. नाही. तरुणपणी भरतीला गेले होते. पळण्यात पहिले आले आणि डॉक्टरनं तळपाय बघून घरी पाठवलं. तळवे सपाट. "देशाला माझे पाय नको होते, मग मी डोकं द्यायचं ठरवलं," असं ते सांगत. डोकंही देशानं तासिका तत्त्वावरच घेतलं. म्हणजे तास घेतला तर सर, नाही घेतला तर घरी. बारा वर्षं दर जूनला नवा अर्ज. देशाच्या संरक्षणावर पोटतिडकीनं बोलणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पुढच्या सत्राचं संरक्षण नव्हतं. यावर मी एक पत्रक लिहायला घेतलं होतं. सरांनी लिहू दिलं नाही. लिहू द्यायला हवं होतं.

पत्रकांशी माझं नातं जुनं आहे. विहाराच्या कट्ट्यावर पत्रकांच्या घड्या घालत मी मोठी झाले. सरांची ओळखही पत्रकातूनच झाली. 'युद्ध शिकवणारा विभाग बंद करा, मुलींचं वसतिगृह सुरू करा' असं ठणकावून लिहिलं होतं आणि विभागाच्या दारात जाऊन खुद्द सरांच्याच हातात दिलं होतं. त्यांनी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"मोर्चा किती वाजता हाय?"

"अकरा."

"पोलिसांनी पुलाजवळ अडवलं तर कुठून जाणार?"

मी माझं पत्रक उलटून बघितलं. मागं काही लिहिलेलं नव्हतं.

"परत कुठून येणार?"

मी हातातल्या पत्रकांच्या घड्या घालायला लागले.

"परतीचा रस्ता ठरवला न्हाई? मग हा मोर्चा न्हाई बाई, वरात हाय. आधी जमीन बघ, मग माणसं बघ, मग तोंड उघड."

मग त्यांनी मला आत नेलं आणि ती चौकट दाखवली. खाटेएवढी लाकडी चौकट, तिच्यात गोदावरीची चाळलेली रेती आणि त्या रेतीत अख्खा कंधारचा किल्ला. फौजेत मोहिमेआधी असाच रेतीचा देखावा करून जवानांना जमीन समजावून सांगतात. सरांचे विद्यार्थी दरवर्षी कंधारला जाऊन किल्ला पायानं मोजत आणि परत येऊन रेतीत बांधत. बुरूज ओल्या रेतीचे, झाडी रंगवलेल्या भुशाची, गावातली घरं आगपेट्यांची. खंदकातलं पाणी म्हणजे सरांच्या बायकोच्या स्वेटरची निळी लोकर. ते स्वेटर पुढं अर्ध्याच बाह्यांचं राहिलं म्हणे.

"वेढा पडला तर आत आधी काय संपतं?" त्यांनी मला विचारलं.

"दारूगोळा."

"भरोसा. पाणी वाटताना वरच्या आळीला दोन घागरी आणि खालच्या आळीला एक मिळाली की किल्ला पडला म्हणून समज. तोफ नंतर येती."

आमच्या वस्तीत टँकर शेवटी येतो. मी त्या दिवशी विभाग बंद करायची मागणी मागं घेतली. वसतिगृहाची ठेवली. सरांनी तिच्यावर पहिली सही केली.

सर पीएच. डी. करत होते. विषय होता नेतृत्व. आता नेतृत्वावर संशोधन म्हटलं की लोक जनरलांचे फोटो डकवतात. सर मात्र दर रविवारी एसटीनं गावोगाव जाऊन पेन्शनीत निघालेले शिपाई, नाईक, हवालदार गाठत आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत: तुमचा साहेब चुकला तेव्हा त्यानं काय केलं? मी दोन-चारदा सोबत गेले. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं याला ते 'भूभाग ताब्यात घेणं' म्हणत. एकदा त्यांच्या रुमालावर एक आजीबाई बसल्या आणि सर कंधारपर्यंत उभे राहिले. मी हसले, तर म्हणाले, "वाटाघाटी चालू हायेत."

त्या दिवशी कंधार तालुक्यातला एक म्हातारा नाईक भेटला. लिंबाखाली बाज टाकून बसलेला. सरांनी वही काढली.

"आमचा साहेब पोरगाच हुता," म्हातारा म्हणाला. "डोंगरात नकाशा घेऊन पुढं चालला. दोन तासांनी थांबला, सगळ्यांना गोळा केलं आन् म्हणला, माझी वाट चुकली, कुणाला ठावं असंल तर सांगा. आम्ही एकमेकांकडं बघायलो. साहेब असं म्हणतोय?"

"मग?"

"मग काय! त्याच्या आधीचा साहेब चुकला हुता, तर दिवसभर एकच टेकडी तीनदा चढवली आमच्याकडून, पर चुकलो म्हणला न्हाई. ह्या पोरासाठी मातर आम्ही जीव दिला असता."

आतून म्हातारी ओरडली, "लई शानपन सांगायलाव! चाळीस वर्सं झाली लग्नाला, मला कधी म्हणलाव का चुकलो म्हणून?"

 सरांनी शांतपणे वहीत नवी ओळ काढली आणि लिहिलं, 'पत्नीचं निवेदन.'

विद्यापीठाच्या समितीला हे पटलं नाही. हवालदार-नाईकांना नेतृत्वातलं काय कळतं, अधिकाऱ्यांच्या मुलाखती घ्या, असं एक सदस्य म्हणाले. सर म्हणाले, "साहेब, चप्पल कुठं चावती हे पायाला विचारायचं का चपलेला?" समितीनं सहा महिन्यांनी परत या म्हणून सांगितलं. सरांना ते मोठं यश वाटलं. "नको म्हणले न्हाईत," ते म्हणाले. "माघार शिस्तीत झाली."

आता ती दुपार.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले, तर शिपाईमामू विभागातून टोपल्यानं रेती बाहेर नेत होते. आत डोकावले. चौकट अर्धी रिकामी. बुरूज नाहीत, खंदक नाही, निळी लोकर खिडकीच्या गजाला टांगलेली. बाहेर दारासमोर काहीतरी बांधकाम चालू होतं. सर हिमायतनगरकडं मुलाखतीला गेले होते आणि मुलाखतीच्या वेळी ते फोन बंद ठेवत. मामूंना विचारायला मला दहा पावलं चालावं लागलं असतं. मी चालले नाही. मी लिहायला बसले.

'कंधारचा किल्ला कुणी लुटला?' हा मथळा. खाली, 'प्राचार्य की रेतीमाफिया?' सव्वा वाजता पाचशे प्रती छापून झाल्या. अडीच वाजता एकही उरली नाही. लोक परत येऊन मागत होते. इतकं चांगलं पत्रक मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

अन्याय करणारी मी. तुम्हाला दम धरायला लावला, तो हे लिहायची माझी हिंमत होईपर्यंत.

कारण रेती सरांनीच दिली होती. त्यांच्या वर्गात कुबड्या घेऊन येणारी एक मुलगी होती. तिच्यासाठी पायऱ्यांवर उतार बांधायचं काम चाललं होतं आणि रेती कमी पडत होती. मामूंनी आदल्या दिवशी विचारलं होतं, "सर, तुमच्याकडची घेऊ का?" सर म्हणाले होते, "घ्या की. कंधार आपण परत बांधू. त्या पोरीनं रोज रोज किल्ला कशाला चढायचा?"

पुढचं मामूंनी सांगितलं, कारण प्राचार्यांच्या खोलीत पाणी द्यायला तेच होते. प्राचार्यांनी पत्रक सरांसमोर आपटलं.

"हे तुम्ही लिहायला लावलंत?"

"न्हाई सर. पर लिहिणारीला मी शिकवलंय."

"तुमच्या वर्गात आहे?"

"न्हाई. एसटीत शिकवलंय."

"म्हणजे जबाबदारी तुमची?"

"माझीच. रेती देताना दाराला चिठ्ठी लावायला पाहिजे हुती. चुकलो मी."

पुढच्या सत्रात सरांना तास मिळाले नाहीत. कारण दिलं गेलं, विद्यार्थी कमी. विभागाला कुलूप लागलं.

मी त्यांच्या घरी गेले. वाटेत बरंच काही पाठ केलं होतं, दारात एवढंच आलं, "सर, मी चुकले." ते आत गेले, वही घेऊन आले आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले.

"नाव, वय, गाव. हुद्दा काय लिहू?"

"पत्रकवाली."

"चूक कधी कळली?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. मामूंनी सांगितलं."

"किती जणांसमोर कबूल केली?"

"तुमच्या एकट्यासमोर."

"खोटी छापली किती?"

"पाचशे."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "मग मुलाखत अर्धी राहिली. पुरी झाली की ये." आणि बायकोला हाक मारली, "चहा टाक गं, हिला साखर जास्त लागती."

मी दुसरं पत्रक काढलं. मथळा: 'मी चुकले.' पाचशेच प्रती. त्याच फाटकावर, त्याच वेळेला उभी राहिले. पोरं हातात घेऊन मथळा वाचायची आणि परत द्यायची. एकानं विचारलं, "कोण चुकलं?" "मी." "मग ऱ्हाऊ द्या ताई." मामूंनी दोन घेतली. उरलेल्यातली बरीच भेळवाल्यानं नेली. नांदेडात त्या आठवड्यात ज्यांनी ज्यांनी भेळ खाल्ली, त्यांच्यासमोर मी चूक कबूल केलेली आहे. सरांनी एवढ्यावर मुलाखत पूर्ण धरली. म्हणाले, "फौजेत असा साहेब मिळाला न्हाई अजून. चटणीसकट कबुली."

सर आता लातूरला असतात, एका भरतीच्या अकॅडमीत. पहाटे पोरं मैदानावर पळतात आणि दिवसा सर त्यांना सामान्य ज्ञान शिकवतात. सगळ्यात लांब नदी, सगळ्यात उंच शिखर. रणनीतीला गुण नाहीत म्हणून रणनीती नाही. रविवारी पहिल्या एसटीनं येऊन मुलाखती घ्यायचं ठरलं होतं, पण अकॅडमीला रविवारची सुट्टी नाही. यादीतले म्हातारे मात्र सुट्टीची वाट बघत थांबत नाहीत. तो लिंबाखालचा नाईक माघात गेला. त्याचं बोलणं वहीत आहे म्हणून आहे. बाकीच्यांचं त्यांच्याबरोबर जाईल.

मी प्राचार्यांकडं गेले. या वेळी आधी फोन करून, वेळ घेऊन. त्यांच्यासमोर माझं दुसरं पत्रक होतं, तेलाचा डाग पडलेलं. ते म्हणाले, "वीस मुलं आणा, विभाग उघडतो, सरांना बोलावतो. वीसच्या खाली विषय चालवता येत नाही." मी ते लेखी मागितलं. त्यांनी दिलं.

सतरा नावं झालीत. सगळ्यांच्या घरी जाऊन, आईबापांशी बोलून घेतलेली आहेत. तुमच्या घरात, गल्लीत बारावी झालेली पोरगी किंवा पोरगा असेल. यात पुढं नोकरी काय, असं मला विचारू नका, मला माहीत नाही. सोमवारी सकाळी अकरा वाजता त्याला किंवा तिला कॉलेजच्या फाटकावर पाठवा. फॉर्म घेऊन मी तिथं उभी आहे. तीन कमी पडायलेत. द्या.